मंडळाच्या दारावरची पाटी: कार्यकारिणीला आणि सभासदांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर ‘सभासदांची सुरक्षितता’ असा विषय आहे. वाचणाऱ्याला वाटेल, पार्किंगमधल्या बंद पडलेल्या दिव्यांबद्दल काहीतरी असेल. जे व्हॉट्सअ‍ॅप गटात नाहीत (असे सुखी जीव अजून आपल्यात आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. त्या दोन शब्दांत तीन मागण्या आहेत. एका राज्याचा कन्सील्ड कॅरीचा, म्हणजे अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना देशभर चालावा, अशा विधेयकाला पाठिंबा देणारं पत्र मंडळाच्या लेटरहेडवर आपल्या काँग्रेस सदस्यांना, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधींना पाठवावं. सभासदांना फायरिंग रेंजवर नेऊन मंडळाच्या बॅनरखाली पिस्तुलाचा वर्ग घ्यावा. आणि गणेशोत्सवात परवानाधारक सभासदांपैकी चार-पाच जणांनी कपड्यांखाली पिस्तूल लावून ‘सुरक्षा स्वयंसेवक’ म्हणून उभं राहावं.

गटात पंधरा दिवस यावर रण माजलं आहे. एक बाजू म्हणते, आपण गांधींच्या देशातून आलो. दुसरी म्हणते, आपण शिवरायांचे मावळे. गांधी आणि शिवराय या दोघांनाही आपण एडिसन गावातल्या पार्किंगमध्ये आणून उभं केलं, पण न्यू जर्सीचा कायदा उघडून बघायला कोणाला सवड झालेली दिसत नाही. मी तो वाचला आहे, कारण दोन वर्षं मी तो कमरेला लावून फिरलो.

पुष्कळांना हे आज पहिल्यांदा कळत असेल. माझी छोटी फार्मसी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. २०२१ च्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला दोन पोरं आत शिरली. एकाने जॅकेटच्या खिशातला हात माझ्या दिशेने रोखला. त्या खिशात पिस्तूल होतं की नुसती बोटं, हे मला आजही माहीत नाही. त्यांना ऑक्सिकोडोन (नशेसाठीही घेतलं जाणारं वेदनाशामक) हवं होतं, मी दिलं. सगळा मामला दोन मिनिटांत आटोपला. पण पुढे कित्येक महिने दाराची घंटी किणकिणली की माझा हात आपोआप काउंटरखाली जायचा, आणि तिथे स्टेपलरखेरीज काही नसायचं.

म्हणून पिस्तूल मागणाऱ्यांना ‘बंदूकवेडे’ म्हणून झटकणाऱ्या माझ्या मित्रांशी मी आधी भांडणार आहे.

२०२२ च्या जूनपर्यंत न्यू जर्सीत सामान्य माणसाला कॅरी परमिट मिळतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. ‘जस्टिफायेबल नीड’ दाखवावी लागे, म्हणजे तुमच्या एकट्याच्या जिवावर नेमका धोका आहे आणि पिस्तुलावाचून तो टळणार नाही, हे पटवून द्यायचं. दुकानावर दरोडा पडला, एवढ्याने भागत नसे. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सुलिव्हन कायद्यापासून अशीच रीत. तिथे शब्द होता ‘प्रॉपर कॉज’. रास्त कारण कोणतं हे परवाना देणारा अधिकारी ठरवणार. आता, अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना म्हटल्यावर पुढे काय होतं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याला वशिला म्हणतात. २०१६ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या परवाना विभागातलं लाचखोरीचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं. पैसेवाल्यांना आणि ओळखीवाल्यांना परवाना, बाकीच्यांना नकाराचं पत्र. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. नाकारला गेला. घरावर बॉम्ब पडलेल्या माणसाचं कारण जिथे रास्त ठरत नाही, तिथे ‘रास्त’ या शब्दाचा अर्थ काय होता ते समजून घ्या.

आपल्याच राज्यातलं उदाहरण द्यायचं तर २०१५ मध्ये बर्लिन टाउनशिपमध्ये एका बाईने माजी प्रियकराविरुद्ध कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळवला होता, घराला कॅमेरे बसवले होते आणि पिस्तूल विकत घेण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. तिच्याकडे कॅरी परमिट नव्हतं, तिने ते मागितलंही नव्हतं. नुसती खरेदीची परवानगी. पोलिसांनी तीस दिवसांत निर्णय द्यायचा असा नियम होता. तीस दिवस उलटून गेले, आणि अर्ज पडून असतानाच त्या माणसाने तिला तिच्या घराच्या वाटेवर भोसकून मारलं. हातात पिस्तूल असतं तर ती वाचली असती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘कायदा आहे ना, मग कशाला पिस्तूल’ असं जेव्हा कोणी गटात लिहितं तेव्हा मला ती आठवते.

आणि भीतीबद्दल म्हणाल, तर ती काल जन्मलेली नाही. जर्सी सिटीत १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी कपाळावरची टिकली बघून आपल्या लोकांना गाठत होती. आपले जुने सभासद त्या वर्षी संध्याकाळी बायकांना एकटं बाहेर पाठवत नव्हते. पुढे २०११ ते २०१४ या काळात देशातल्या अनेक राज्यांत भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबांची घरं हेरून, सोन्यासाठी आणि रोकडीसाठी शस्त्रं घेऊन आत घुसणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला ३७ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या घरात सोनं असतं हे आपल्याइतकंच चोरांनाही माहीत आहे. तेव्हा भीती खोटी आहे असं मला कोणी सांगू नये.

इथवर वाचून पिस्तूलवाले मित्र खूश झाले असतील. आता त्यांची पाळी.

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची ‘प्रॉपर कॉज’ची अट घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी ‘जस्टिफायेबल नीड’ची अट यापुढे लावायची नाही असं कळवलं. मग २२ डिसेंबर २०२२ ला राज्याने नवा कायदा केला. परवाना मिळेल, पण शुल्क २०० डॉलर. नात्यागोत्यातले नसलेले आणि निदान तीन वर्षं ओळखणारे चार जण तुमच्या चारित्र्याची ग्वाही देणार. प्रशिक्षण सक्तीचं. आणि पिस्तूल नेता येणार नाही अशा जागांची लांबलचक यादी: शाळा, न्यायालय, वाचनालय, उद्यान, दारू मिळते ते रेस्टॉरंट, नाट्यगृह, दवाखाना, मतदान केंद्र.

मी २०२३ च्या सुरुवातीला अर्ज केला. चार जण शोधताना जी गंमत झाली ती सांगितलीच पाहिजे. पहिल्या मित्राने फोनवर इतका वेळ मौन पाळलं की मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, “वहिनींना माहीत आहे का?” दुसऱ्याने सही केली, पण त्यानंतर भिशीत माझ्याशी वाद घालायचं सोडून दिलं, आणि हे मला मुळीच आवडलं नाही. पुण्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला, “गन घेतलीस म्हणे? अरे, गावाकडे पाटलांची बारा बोअर होती, तीसुद्धा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची!” हे खरंच आहे. आमच्याकडे परवान्याची बंदूक म्हणजे भिंतीवरची शोभा. लग्नाच्या वरातीपुरती खाली यायची आणि आचारसंहिता लागली की ठाण्यात जायची.

परवाना आला आणि मी पिस्तूल लावून हिंडू लागलो. हिंडणं कसलं! नव्या कायद्याविरुद्ध तातडीने खटले दाखल झाले होते. कॅमडेनच्या फेडरल न्यायाधीश रेने बम यांनी जानेवारीत काही कलमांना स्थगिती दिली, मे महिन्यात आणखी काहींना. जूनमध्ये वरच्या न्यायालयाने त्यातल्या पुष्कळ बंद्या परत लागू केल्या. सकाळी बातम्या वाचून मग पट्टा बांधायचा, असे दिवस होते. पोस्टात चालत नाही, मुलीच्या शाळेत चालत नाही, वाचनालयात चालत नाही. म्हणजे माझं पिस्तूल बहुतेक वेळ गाडीतल्या कुलूपबंद पेटीत पडलेलं, आणि माझं लक्ष गाडीकडे. गाडी फोडून कोणी ते नेलं तर ज्या पोरांच्या भीतीने मी ते घेतलं त्यांच्याच हातात ते जाणार, हा विचार दरोड्याच्या आठवणीपेक्षा जास्त छळायला लागला.

दुसरी अडचण कपड्यांची. हसू नका. कन्सील्ड म्हणजे लपलेलं. आकार कपड्यावर उमटला तर लोक घाबरतात. शर्ट-पँट असेल तर निभतं. पण सत्यनारायणाला मांडी घालून बसायचं, वाकून वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. आणि सणासुदीला सलवार-कुर्ता किंवा पायजमा. पायजम्याच्या नाडीवर होल्स्टर टिकत नाही, हे मी प्रयोगाने सिद्ध केलं आहे. एका मित्राच्या घरच्या पूजेत तीर्थप्रसाद घ्यायला वाकलो तेव्हा झब्बा वर सरकला आणि मित्राच्या आईला ते दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त खेळणारी नातवंडं त्यांनी हाका मारून आतल्या खोलीत नेली. मी प्रसाद न घेताच निघालो.

गणेशोत्सवात सशस्त्र स्वयंसेवक उभे करू म्हणणाऱ्यांनी सांगावं, ते काय घालून उभे राहणार आहेत?

हा विनोद सोडा. आपला गणेशोत्सव हायस्कूलच्या इमारतीत होतो. रविवारची मराठी शाळाही तिथेच भरते. न्यू जर्सीत शैक्षणिक संस्थेच्या आवारात त्यांच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक नेणं हा गुन्हा आहे, मग तुमच्याकडे कॅरी परमिट असो वा नसो. हा नियम ब्रुएनच्या किती तरी आधीचा. त्यामुळे तिसरी मागणी मंजूर करणं म्हणजे कार्यकारिणीने आपल्याच चार-पाच सभासदांना गुन्हा करायला सांगणं. इतक्या साध्या गोष्टीसाठी गटात चारशे मेसेज पडले.

समजा, जागा शाळेची नसती. प्रस्ताव मांडणारे टेक्ससच्या व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चचा दाखला देतात. २९ डिसेंबर २०१९ ला प्रार्थना चालू असताना एका माणसाने गोळीबार केला आणि चर्चच्या स्वयंसेवकाने सहा सेकंदांत त्याला टिपलं. खरं आहे, थेट प्रक्षेपणात जगाने पाहिलं. पण तो स्वयंसेवक पूर्वी राखीव दलाचा डेप्युटी शेरीफ होता आणि नेमबाजी शिकवत होता. त्या सहा सेकंदांत चर्चमधले दोघे गेले, आणि त्यातला एक त्याच सुरक्षा पथकातला, आपलं पिस्तूल बाहेर काढता काढता. न्यू जर्सीच्या परीक्षेत मी पन्नासपैकी चव्वेचाळीस गोळ्या लक्ष्यावर मारल्या, पास व्हायला चाळीस लागतात. ते लक्ष्य कागदाचं होतं, जागचं हलत नव्हतं, आणि त्याच्यामागे जोशीकाकू आरतीचं तबक घेऊन उभ्या नव्हत्या. शिवाय आपलं ढोल-ताशा पथक. साठ ढोल वाजत असताना गोळी सुटली की टोल पडला, हे तरी कोणाला कळणार आहे?

कोलोरॅडोतल्या अर्वाडामध्ये २१ जून २०२१ रोजी काय झालं, हे मात्र गटात कोणी लिहिलं नाही. एका माणसाने पोलीस अधिकाऱ्याला ठार केलं. जवळच्या दुकानातून परवानाधारक नागरिक धावला, त्याने हल्लेखोराला आडवं केलं. तेवढ्यात पोलीस आले. त्यांना हातात बंदूक असलेला माणूस दिसला आणि त्यांनी त्यालाच गोळ्या घातल्या. तो गोरा होता. मिनेसोटात २०१६ मध्ये फिलँडो कॅस्टील याची गाडी अडवली गेली. त्याच्याकडे परवाना होता. माझ्याजवळ बंदूक आहे असं त्याने आपणहून, सभ्यपणे अधिकाऱ्याला सांगितलं. काही सेकंदांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. तो काळा होता. आपण कुठे बसतो ते तुम्ही ठरवा. आपल्या राज्यातही पोलिसांनी अडवलं तर बाळगलेल्या पिस्तुलाची माहिती देणं परवानाधारकाला बंधनकारक आहे. “सर, आय हॅव अ फायरआर्म” हे वाक्य आपल्या उच्चारात, रात्री साडेदहाला, काच खाली करून म्हणण्याचा सराव मी आरशासमोर केला आहे. तो सराव करताना माणूस सुरक्षित वाटून घेत नाही.

बंदोबस्त हवाच असेल तर टाउनशिपकडे अर्ज करून ड्यूटीबाहेरचे दोन पोलीस पैसे मोजून बोलवा. खर्च पाहुण्या कलाकारांच्या मानधनाहून कमीच येईल. (या वाक्यावर सांस्कृतिक समिती रागावेल, रागावू दे.)

रेंजवरचा वर्ग. ही मागणी वरवर सगळ्यांत निरुपद्रवी दिसते आणि मला सगळ्यांत धोक्याची वाटते. आपल्या सभासदांत एच-वन-बीवर किती जण आहेत? एच-फोर, एल-वन, एफ-वनवर किती? दर उन्हाळ्यात बी-टूवर आलेले आई-वडील किती? फेडरल कायद्यानुसार अशा तात्पुरत्या, नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश मिळालेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर सुटका नाही. रेंजवर भाड्याचं पिस्तूल अर्धा तास हातात धरणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. तिथे फॉर्म भरताना नागरिकत्वाच्या चौकटीत चुकीची खूण केली, तर ती निराळी भानगड. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरले तर त्या एका कारणावरून देशाबाहेर काढता येतं. बारा-बारा वर्षं प्रायॉरिटी डेटची, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत आपला नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्या पोराला मंडळाने रविवारी सकाळी गंमत म्हणून तिथे न्यायचं? ‘आपल्या मंडळाचाच कार्यक्रम आहे, म्हणजे चालत असेल’ असं समजून तो येईल. आपल्यावर विश्वास ठेवून येईल.

न्यू जर्सीत आता गांजाची दुकानं उघडपणे चालतात, तिथली गोम तर फारच थोड्यांना माहीत आहे. राज्याला चालतो म्हणून गांजा ओढणारा माणूस फेडरल कायद्याच्या लेखी अमली पदार्थ घेणाराच, आणि अशाला बंदूक बाळगायला मनाई. पार्टीत कोण काय ओढतं हे मी बघितलेलं नाही, असं समजू या.

वर्ग घ्यायचाच तर बंदुकीशिवाय घ्या. एखाद्या वकिलाला बोलवा, कायदा समजावून घ्या, ज्यांच्या घरात पिस्तूल आहे त्यांना ते कुलपात कसं ठेवायचं ते सांगा. मी येईन, चहा माझ्याकडून. त्या वर्गात एक आकडा फळ्यावर लिहावा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. मी औषधं विकतो. कोणाच्या घरात झोपेच्या, नैराश्याच्या कोणत्या गोळ्या जातात हे मला दिसतं आणि ते कोणाला सांगणं माझ्या धर्मात बसत नाही. एवढंच म्हणतो, ज्या कपाटात त्या गोळ्या आहेत त्याच घरात दुसऱ्या गोळ्या आणताना घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाकडे एकदा नीट बघा. टोळीची, दरोड्याची चर्चा आपण चवीने करतो. ही चर्चा आपल्यात कोणी करत नाही.

विधेयकाबद्दल. ते मांडणाऱ्यांची तळमळ मला समजते. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, दोन मुलांची, पेनसिल्व्हेनियाचा परवाना पर्समध्ये घेऊन आपल्या राज्यात आली. साध्या वाहतूक तपासणीत पोलिसांनी थांबवलं, तिने प्रामाणिकपणे पिस्तुलाचं सांगितलं आणि तुरुंगात गेली. दोन राज्यांमधली नदी ओलांडली एवढाच अपराध. २०१५ मध्ये आपले तेव्हाचे गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. असे प्रसंग व्हायला नकोत, यात दुमत नाही. या चळवळीला बळ मिळालं तेही खऱ्या दुःखांतून. १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्ससच्या किलीन गावात एका कॅफेटेरियात तेवीस जणांची हत्या झाली. सुझॅना हप आई-वडिलांसोबत जेवत होत्या. पिस्तूल गाडीत ठेवलेलं, कारण तेव्हाच्या कायद्याने ते पर्समध्ये नेता येत नव्हतं. दोघंही डोळ्यांसमोर गेले. त्यानंतर त्या राज्याराज्यांतल्या विधिमंडळांसमोर साक्ष देत फिरल्या, १९९५ मध्ये टेक्ससने परवान्याचा कायदा केला, आणि पुढे त्या स्वतः आमदार झाल्या. त्यांच्यासमोर बसून ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची माझी हिंमत नाही.

पण ती चळवळ आता परवान्याच्या मागणीवर थांबलेली नाही. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ‘अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल’ असा कायदा केला, तिथून वाट रुंदावत गेली. आज एकोणतीस राज्यांत परवान्याशिवायच पिस्तूल लपवून बाळगता येतं. २०१७ मध्ये असंच देशव्यापी विधेयक प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं, २०२५ च्या जानेवारीत ते पुन्हा मांडलं गेलं. त्याचा मजकूर वाचा. ज्याच्या राज्यात परवाना लागतच नाही असा माणूसही इथे येऊन पिस्तूल बाळगू शकेल. म्हणजे मी चार मित्रांच्या मिनतवाऱ्या केल्या, पन्नास गोळ्या झाडून दाखवल्या, बोटांचे ठसे दिले, आणि माझ्या शेजारी पेट्रोल पंपावर उभा असलेला परराज्यातला गृहस्थ यातलं काहीही न करता माझ्याइतकाच कायदेशीर. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावरून पत्र लिहावं. काँग्रेस सदस्याला पत्र लिहिणं हा प्रत्येक मतदाराचा हक्क आहे. मंडळाचं लेटरहेड त्यासाठी नाही. आपण करमुक्त धर्मादाय संस्था आहोत, अशा संस्थेला कायद्यासाठी वकिली करायला फार थोडी मोकळीक असते. ती मोकळीक वापरायचीच असेल तर सगळ्या सभासदांच्या जिव्हाळ्याच्या कामासाठी वापरू. एच-फोरवरच्या, म्हणजे आई-वडिलांच्या व्हिसाच्या आधारावर राहणाऱ्या मुलांचं एकविसाव्या वर्षी काय होतं, हा विषय किती वर्षं विषयपत्रिकेत येतो आणि वेळेअभावी पुढे ढकलला जातो?

तर तिन्ही मागण्यांना माझं नाही. तरीही सातवा विषय रद्द करू नका. कारण ज्या एका गोष्टीवर मंडळाने खरोखर ठराव करायला हवा, ती कोणी मांडलेलीच नाही. आपला हॉल.

हॉल शाळेचा नाही, सरकारी नाही, आपल्या मालकीचा आहे. २०२२ च्या कायद्यात न्यू जर्सीने म्हटलं की खाजगी जागेत मालकाने स्पष्ट परवानगी दिली किंवा तशी पाटी लावली तरच पिस्तूल नेता येईल. मालक गप्प, म्हणजे नाही. न्यायाधीश बम यांनी लोकांसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागांपुरतं हे कलम थोपवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये थर्ड सर्किटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या फेडरल अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बाकीच्या बहुतेक बंद्या योग्य ठरवल्या, पण या मुद्द्यावर राज्याची बाजू उचलून धरली नाही. त्या निकालापुरतं मालक गप्प, म्हणजे हो. हवाईत असाच नियम होता, तो वाद ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला. इतके मोठमोठे वकील वर्षानुवर्षं भांडत आहेत ते कशावरून, तर मालकाच्या मौनाचा अर्थ काय लावायचा यावरून! मालकाने तोंड उघडून सांगितलं, तर कोणत्याही निकालात त्याचाच शब्द चालतो. टेक्सससारख्या राज्यातही दारावर ३०.०६ कलमाची पाटी लावून मालक मनाई करू शकतो. अक्षरं निदान एक इंच उंच हवीत आणि मजकूर इंग्रजी-स्पॅनिशमध्ये हवा, एवढं काटेकोर.

आपला हॉल गप्प आहे. हळदीकुंकू, भजन, कोजागिरी, ज्येष्ठांचा कट्टा, बालवर्ग, सगळं तिथे चालतं. मी स्वतः २०२३ च्या कोजागिरीला तिथे पिस्तूल लावून आलो होतो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मसाला दुधाचा पेला घेऊन मी दाराकडे तोंड करून बसलो होतो, एवढंच कोणाच्या लक्षात आलं असेल तर असेल. तेव्हा मी नियम मोडला की नाही, हे न्यायालयात कोणता आठवडा चालू होता यावर अवलंबून होतं. ते मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी परवान्याची मुदत संपली, मी नूतनीकरण केलं नाही. पिस्तूल विकलेलं नाही. ते फार्मसीतल्या तिजोरीत आहे. आणि आता गंमत ऐका. स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या मालकीच्या दुकानात पिस्तूल ठेवायला या राज्यात कॅरी परमिट लागतच नाही. मला भीती वाटत होती ती दुकानात. हे मला २०० डॉलर भरून, चार मित्रांना घाबरवून झाल्यावर नेमबाजीच्या शिक्षकाने सांगितलं.

सभेपुढे ठेवण्यासाठी ठरावाचा मसुदा असा: “मंडळाच्या हॉलमध्ये आणि हॉलच्या आवारात, कर्तव्यावरील पोलीस व मंडळाने नेमलेले सुरक्षारक्षक वगळता, कोणीही बंदूक आणू नये. परवाना असला तरीही. हाच नियम मंडळाने भाड्याने घेतलेल्या प्रत्येक जागेत लागू राहील.” माझ्या विरोधात मत देणाऱ्यांनी उलट ठराव मांडावा, ‘परवानाधारकांनी आणायला हरकत नाही’ असा. तो मंजूर झाला तर मी हॉलवर येणं कमी करीन, पण निदान कोणत्या दारातून आत जातो आहे हे प्रत्येकाला कळेल. हात वर करून मतदान घ्या, चिठ्ठ्या नकोत.

पाटी मी स्वखर्चाने करून आणतो. मजकूर इंग्रजीत लागेलच, खाली मराठीतही असावा. पाट्या लिहिण्यात आपला हात कोण धरणार? फक्त ती पुणेरी होऊ नये म्हणून ‘आत येताना अक्कल बरोबर आणावी’ अशी जी सूचना गटात आली आहे ती मी विचारात घेतलेली नाही. अक्षरं एक इंचाची ठेवतो, ऱ्हस्व-दीर्घ मराठी शाळेच्या बाईंकडून तपासून घेतो. बाहेरच्या दाराला दोन स्क्रूंची भोकं आधीच आहेत, जुन्या ‘चपला इथे काढाव्यात’च्या पाटीची. तीच वापरू.

आपला,
एक आजीव सभासद
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी